मदत हवी आहे: पेंढा, काड आणि कडबा आंबवून पौष्टिक करताना युरिया, मोलॅसिस आणि जिवाणू-कल्चर यांचा मेळ कसा घालावा?

सर्वांना नमस्कार.

आमच्या गोठ्यात दुभत्या गाई, काही भाकड जनावरे, वाढत्या कालवडी आणि लहान वासरे आहेत. वर्षातील मोठा काळ त्यांची वैरण म्हणजे भाताचा पेंढा, गव्हाचे काड आणि कणसे काढून घेतल्यावर उरलेला मक्याचा कडबा एवढीच असते. हे अवशेष हाताशी भरपूर असतात, पण जनावरे ते पोटभर खात नाहीत आणि जेवढे खातात तेवढेही अंगी लागत नाही. खुराक वाढवून ही कसर काही प्रमाणात भरून काढता येते, हे खरे आहे. तरीही जी वैरण आधीच घरात आहे तिचाच कस वाढवता आला तर तो अधिक शहाणपणाचा मार्ग ठरेल, असे मला वाटते आणि म्हणून हा धागा काढत आहे.

मागील हंगामात कुट्टीवर मोलॅसिसचे (उसाच्या मळीचे) पाणी आणि पाकिटातील जिवाणू-कल्चर शिंपडून आम्ही मुरघासाच्या पिशव्या भरल्या. उघडल्यावर त्यांत दोन अगदी वेगळी चित्रे दिसली. मक्याचा कडबा अर्धवट हिरवा असतानाच कापलेला होता. त्याची कुट्टी पिवळसर झाली होती, तिला स्वच्छ आंबूस वास होता आणि गाईंनी ती गव्हाण चाटूनपुसून संपवली. भाताच्या पेंढ्याच्या पिशवीत मात्र तोंडाजवळचा वीतभर थर पांढऱ्या बुरशीने एकमेकांना चिकटून गेला होता. त्याखालचा पेंढा जसा भरला होता जवळजवळ तसाच निघाला: हाताला खरखरीत, वासाला ना आंबट ना कुजका, आणि काडी दुमडली की पूर्वीसारखीच कडकन मोडणारी. सामू (pH, म्हणजे आम्लता किती ते) तपासण्याची पट्टी ओल्या कुट्टीवर दाबून पाहिली, तेव्हा मक्याच्या पिशवीत रंग ४ च्या आसपास आला आणि पेंढ्याच्या पिशवीत ६ च्या वरच राहिला.

पुढील हंगामाआधी चौकशी केली तर प्रत्येकाने वेगळी कृती सांगितली. काहींच्या मते पेंढ्याला १०० किलोस ४ किलो युरिया लावून तीन आठवडे झाकून ठेवावा. काहींनी युरिया आणि मोलॅसिस एकत्र घालण्यास सांगितले, तर काहींनी त्यातच कल्चरही मिसळावे म्हणजे तिन्हींचा लाभ मिळेल, असे सुचवले. कल्चरच्या पाकिटावर ‘काडातील लिग्निन विरघळवते’ असेही छापलेले आहे. मला समजून घ्यायचे आहे ते असे. वाळलेला पेंढा मुळात आंबतो का, आणि आंबत असेल तर आमचा का आंबला नाही? युरिया, मोलॅसिस आणि कल्चर एकाच ढिगात घालणे योग्य आहे का? विकतची विकरे म्हणजे एन्झाइम घालून काही फरक पडतो का? आणि या प्रत्येक पद्धतीने तयार झालेली वैरण कोणत्या जनावराला द्यावी व कोणाला देऊ नये? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे किंवा यामागील शास्त्र ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी कारणांसह लिहावे ही विनंती. नुसते प्रमाण मिळाले तर ते आमच्या परिस्थितीला लागू पडते की नाही, हे आम्हाला ठरवता येत नाही.

प्रतिसाद १

नमस्कार. आपण सामू मोजून लिहिला हे फार चांगले केले, कारण आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या दोन आकड्यांतच आहेत.

मुरघास टिकतो तो आम्लामुळे. हवाबंद जागेत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू विरघळणारी साखर खातात, आम्ल साठत जाते, सामू ४ च्या आसपास उतरतो आणि बाकीच्या जिवाणूंचे काम थांबते. यासाठी पुरेशी साखर, पुरेसा ओलावा आणि हवेचा अभाव अशा तीन गोष्टी लागतात. अर्धवट हिरव्या मक्यात पहिल्या दोन गोष्टी जात्याच होत्या. पूर्ण पिकून वाळलेल्या पेंढ्यात साखर जवळजवळ उरलेली नसते, कारण पिकाने ती दाण्यात भरलेली असते. मागे राहतात त्या पेशींच्या भिंती. त्या भिंतींतही ऊर्जा पुष्कळ आहे, पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या तंतूंच्या रूपात लिग्निनला, म्हणजे काडीला कडक करणाऱ्या चिवट घटकाला, जखडलेली आहे आणि लॅक्टिक जिवाणूंना ती खाता येत नाही. भाताच्या पेंढ्यात त्यावर सिलिकाची भर असते. थोडक्यात, कल्चर कितीही उत्तम असले तरी आपल्या पिशवीत त्याला खायला फारसे काही नव्हते.

पाकिटावरील दाव्याबद्दल स्पष्टच लिहितो. लिग्निन मोडण्याच्या बहुतेक ज्ञात नैसर्गिक क्रियांना प्राणवायू लागतो आणि ते काम मुख्यतः लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशी करतात. धिंगरी आळिंबी त्यांपैकीच एक आहे. बंद पिशवीतील लॅक्टिक जिवाणू हे काम करत नाहीत. आळिंबीच्या वर्गातील बुरशी वापरून काड पचनीय करण्यावर संशोधन झालेले आहे, पण त्यासाठी काड आधी निर्जंतुक करावे लागते आणि बुरशी वाढताना काडातील पोषणाचा काही भाग स्वतःच खाऊन टाकते. गोठ्याच्या पातळीवर मी तो मार्ग सुचवणार नाही. पिशवीच्या तोंडाशी आपोआप आलेली पांढरी बुरशी आणि ही बुरशी यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपोआप आलेली बुरशी विषारी घटक तयार करू शकते. तेवढा थर काढून सरळ टाकून द्यावा आणि भाकड जनावरालाही देऊ नये.

आता युरियाकडे वळू. युरिया लावून झाकलेल्या पेंढ्याला लोक सवयीने ‘आंबवलेला पेंढा’ म्हणतात, पण ती क्रिया मुरघासाच्या नेमकी उलट दिशेची आहे. काडावर नैसर्गिकपणे असलेल्या जिवाणूंमधील युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते आणि अमोनिया मोकळा होतो. ६० ग्रॅम युरियापासून ३४ ग्रॅम अमोनिया मिळतो, म्हणजे ४ किलो युरियापासून सव्वादोन किलोच्या आसपास. हा अमोनिया पाण्यात विरघळून सामू ८ च्या वर नेतो. त्या अल्कलीमुळे लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांच्यातील काही बंध सुटतात, काडी फुगते व मऊ होते आणि जनावराच्या कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातील) जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. लिग्निन नाहीसे होत नाही, त्याची पकड सैल होते. शिवाय काही नत्र काडातच राहते, त्यामुळे ३ ते ५ टक्के कच्ची प्रथिने (नत्रावरून मोजलेली प्रथिने) असलेला पेंढा साधारण ७ ते ८ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. कोटीपोटातील जिवाणूंचे काम नीट चालण्यासाठी वैरणीत ७ टक्क्यांच्या आसपास कच्ची प्रथिने लागतात. त्याखाली गेले की जनावर खाणेच कमी करते, आणि आपली मूळ तक्रार तीच आहे.

एक मार्ग सामू खाली नेऊन वैरण टिकवतो आणि दुसरा सामू वर नेऊन काडी मोकळी करतो. दोन्ही एका ढिगात घातले तर अमोनिया आम्ल खाऊन टाकतो आणि आम्ल अमोनियाला निकामी करते. सामू ६ ते ७ च्या मध्ये अडकतो, आणि नको असलेल्या जिवाणूंना व बुरशीला नेमका तोच मानवतो. म्हणून पेंढ्यासाठी युरिया आणि कल्चर एकत्र वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

हिरव्या मक्याचा मुरघास भरताना त्यात टनाला ५ किलोपर्यंत युरिया मिसळण्याची पद्धत आहे, हे येथे कोणी लिहील. ते चुकीचे नाही. तेथे साखर इतकी असते की तेवढा अमोनिया पचवूनही सामू खाली उतरतो. पेंढ्याला तो हिशेब लावता येत नाही.

आपण १०० किलो पेंढ्याला पाणी किती घातले होते, हे कृपया कळवावे.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. पाकिटासोबतच्या पत्रकात १०० किलो सुक्या वैरणीस ४० ते ५० लिटर पाणी, असे प्रमाण होते आणि आम्ही ते पाळले होते. मक्याच्या कडब्यावर मात्र मोलॅसिस पातळ करण्यापुरतेच पाणी शिंपडले होते.

प्रतिसाद १ (पुढे)

मग चित्र पूर्ण झाले. सुक्या पेंढ्यात १० टक्के ओलावा धरला तर १०० किलोत ५० लिटर पाणी घातल्यावर एकूण ओलावा ४० टक्केच होतो. युरियाच्या प्रक्रियेसाठी हे प्रमाण अगदी योग्य आहे. मुरघासासाठी मात्र ६० ते ७० टक्के ओलावा हवा, आणि ६० टक्के गाठायलाच त्याच १०० किलोस सुमारे १२५ लिटर पाणी लागेल. एवढे पाणी पेंढा एका दमात पीत नाही. थोडे मुरते, बाकीचे तळाशी निथळते आणि जाताना मोलॅसिसही घेऊन जाते. शिवाय कोरडी काडी स्प्रिंगसारखी परत उसळते, त्यामुळे कितीही तुडवली तरी आत हवा उरते. पिशवीच्या तोंडाजवळील बुरशी त्या हवेवरच वाढली असणार.

पेंढा आंबवायचाच असेल, तर त्याला ओल्या वैरणीची जोड द्यावी. ८० टक्के ओलाव्याची हिरवी वैरण चार भाग आणि सुका पेंढा एक भाग, असे वजनाने मिसळल्यास मिश्रणाचा ओलावा सुमारे ६६ टक्के येतो. हिरव्या वैरणीतून साखर मिळते, तिचे निथळणारे रसाळ पाणी पेंढा शोषून घेतो आणि नुसत्या अतिओल्या वैरणीत दुर्गंधी आणणारे ब्युटिरिक आम्लाचे जिवाणूही आटोक्यात राहतात. कुट्टी २ ते ३ सेंटीमीटरची असावी आणि थराथराने तुडवावी. हिरवी वैरण फार कोवळी किंवा द्विदल असेल, तर मिश्रणाच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के मोलॅसिस कोमट पाण्यात पातळ करून घालावे. कल्चरला खरे काम मिळते ते अशा मिश्रणात. घेताना दर ग्रॅम वैरणीस किमान एक लाख जिवंत जिवाणू मिळतील एवढी मात्रा लेबलवर दिलेली आहे का, हे तपासावे. प्लांटारम प्रकारचे जिवाणू सामू लवकर उतरवतात. बुकनेरी प्रकारचे जिवाणू पिशवी उघडल्यानंतर वैरण तापू नये म्हणून उपयोगी पडतात, पण त्यांचा परिणाम दिसायला दीड ते दोन महिने पिशवी बंद राहावी लागते. मात्र या सगळ्यातून पेंढा टिकतो आणि चवदार होतो, त्याची काडी फारशी अधिक पचनीय होत नाही. पचनीयता वाढवायची असेल तर युरियाचाच मार्ग धरावा.

विकरांचे उत्तर राहिले. सेल्युलेज आणि झायलॅनेज ही विकरे मुरघासाच्या आम्लधर्मी ओलाव्यात थोडी साखर मोकळी करतात आणि त्यामुळे आंबण्याला हातभार लागतो. लिग्निनने झाकलेल्या भागापर्यंत ती पोहोचत नाहीत, म्हणून सुक्या पेंढ्यावर त्यांच्यासाठी मी तरी खर्च करणार नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचन उत्तम आहे. त्यात एक वेगळा विचार जोडावासा वाटतो, कारण आपण सर्वजण ढिगावर काय घालावे याचाच विचार करत आहोत आणि गाईच्या पोटात काय चालते ते मागे पडत आहे. काडाचे खरे किण्वन कोटीपोटात होते. तेथील जिवाणूंना नत्र, गंधक, स्फुरद, कोबाल्ट यांसारखे घटक आणि सहज मिळणारी थोडी ऊर्जा नियमित पुरवली, तर प्रक्रिया न केलेली काडीही ते पूर्वीपेक्षा लवकर फोडतात. पेंढ्याबरोबर दिवसाला थोडी हिरवी द्विदल वैरण, पेंड आणि खनिज मिश्रण एवढे दिले तरी खाण्यात फरक दिसू लागतो. ज्यांच्याकडे हिरवा चारा व पेंड पुरेशी आहे आणि पेंढा केवळ पोट भरण्यापुरता आहे, त्यांनी युरिया प्रक्रियेचे कष्ट घेण्याची गरज नाही. जेथे निम्म्याहून अधिक वैरण काडच आहे, तेथे त्या कष्टांचे मोल मिळते. आपण वर्णन केलेला गोठा दुसऱ्या प्रकारात बसतो.

युरिया आणि मोलॅसिस एकत्र घालण्याचा सल्ला आपल्याला मिळाला, तो बहुधा एका वेगळ्या कृतीतून आलेला असावा. ८२ भाग काड, १५ भाग मोलॅसिस आणि ३ भाग युरिया यांचे मिश्रण थोड्या पाण्यात कालवून लगेच खायला घालण्याची पद्धत प्रचलित आहे. तिच्यात झाकून ठेवणे नाही, त्यामुळे काडी मऊ होत नाही. जिवाणूंना नत्र आणि साखर एकाच वेळी मिळते, एवढाच तिचा हेतू असतो. ही कृती, युरिया लावून झाकण्याची कृती आणि मुरघास या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. सांगणारे त्यांतील एकेक तुकडा उचलून जोडतात, आणि ऐकणाऱ्याच्या हाती धड कोणतीच कृती लागत नाही.

आणखी एक बाब. गव्हाच्या काडात पाने खोडापेक्षा अधिक पचनीय असतात, तर भातात याच्या उलट आहे. भाताचे खोड पानापेक्षा चांगले पचते, कारण सिलिका पानांत जास्त साठते. म्हणून भात शक्य तितका बुडाशी कापून खोडाचा भाग वैरणीत आणणे ही बिनखर्चाची सुधारणा आहे. गव्हाच्या बाबतीत जनावरांना थोडे अधिक काड घालून त्यांना पाने निवडून खाऊ द्यावीत आणि उरलेले जाड देठ अंथरणासाठी वापरावेत.

प्रतिसाद ३

मी पशुवैद्यकीय काम करतो. कोणाला द्यावे व कोणाला देऊ नये, या प्रश्नापुरते लिहितो, कारण निष्काळजीपणा झाला तर जनावर हातचे जाते.

सहा महिन्यांखालील वासरांना युरियायुक्त कोणतीही वैरण देऊ नये, कारण त्यांचे कोटीपोट पुरते तयार झालेले नसते. घोडा आणि गाढव यांनाही देऊ नये. युरिया पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच झारीने सारखा शिंपडावा. खडा तसाच राहिला तर तो एखाद्याच जनावराच्या घासात जातो. युरियाच्या पाण्याची बादली जनावरांच्या तोंडाशी कधीही ठेवू नये. उपाशी जनावराला पहिल्याच दिवशी पोटभर घालू नये. थोड्या प्रमाणात सुरुवात करून एक ते दोन आठवड्यांत मात्रा वाढवावी. प्रक्रिया केलेला पेंढा सुरू असताना खुराकातून युरिया किंवा युरियाच्या चाटण-विटाही देऊ नयेत. विषबाधा झाल्यास साधारण अर्ध्या ते एका तासात लाळ गळणे, अंग थरथरणे, पोट फुगणे आणि धाप लागणे ही लक्षणे दिसतात. तत्काळ डॉक्टरांना बोलवावे. ते पोहोचेपर्यंत त्यांच्या सांगण्यानुसार थंड पाणी व व्हिनेगर पाजणे उपयोगी ठरते, कारण आम्लामुळे आणि थंडाव्यामुळे अमोनिया रक्तात जाण्याचा वेग कमी होतो.

दुसरा धोका फारसा कोणाला माहीत नसतो. साखर भरपूर असलेल्या वैरणीवर अमोनियाची प्रक्रिया झाली आणि ढीग तापला, तर साखर व अमोनिया यांच्या संयोगातून ४-मिथाइल-इमिडाझोल हे विषारी द्रव्य तयार होऊ शकते. अशी वैरण खाल्लेली जनावरे एकाएकी बिथरतात, गोल गोल धावतात, आपटतात. गाईने खाल्ले तर दुधातून ते वासरालाही बाधते. म्हणून युरिया लावून झाकायच्या ढिगात मोलॅसिस घालू नये आणि हिरव्या, गोड चाऱ्यावर ही प्रक्रिया करू नये. ती पूर्ण वाळलेल्या, साखर संपलेल्या काडासाठीच आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. तीन वेगळ्या कृतींचे तुकडे आमच्यापर्यंत एकत्र होऊन पोहोचत होते, हे आता उमगले. यापुढे मक्याचा कडबा हिरवा असतानाच मुरघासात घालू, त्यात पाचवा हिस्सा पेंढा मिसळू आणि कल्चर तेथेच वापरू. उरलेल्या सुक्या पेंढ्याला केवळ युरियाची प्रक्रिया करू व तो भाकड जनावरे, मोठ्या कालवडी आणि काही प्रमाणात दुभत्या गाई यांना देऊ. वासरांची गव्हाण वेगळी केलेलीच आहे.

एकच शंका उरते. तीन आठवडे झाल्यावर युरियाचा ढीग खरोखर तयार झाला आहे, हे प्रयोगशाळेविना कसे ओळखावे? आमच्याकडे थंडीच्या दिवसांतही हे काम करावे लागेल.

प्रतिसाद १

थंडीत युरिएजचे काम मंदावते, म्हणून तीन आठवड्यांऐवजी चार किंवा त्याहून अधिक आठवडे थांबावे. ताडपत्री उचलताच डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा उग्र वास आला पाहिजे. वास सौम्य असेल, तर एकतर युरिया अजून फुटलेला नाही किंवा अमोनिया कोठूनतरी निसटून गेला आहे. अमोनिया निसटला असेल तर फाटलेल्या जागेभोवती बुरशी दिसते. तयार पेंढ्याचा रंग पिवळ्याचा तपकिरी होतो आणि काडी दुमडली असता मोडण्याऐवजी वाकते. आपल्याकडील सामू-पट्टी येथेही उपयोगी पडेल: ओल्या काडीवर दाबल्यावर ८ च्या वर रंग आला पाहिजे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि ढीग एका टोकाकडूनच उघडावा. एका दिवसाला लागेल तेवढाच पेंढा आदल्या संध्याकाळी काढून पसरावा व बाकीचा पुन्हा घट्ट झाकावा. सकाळपर्यंत मोकळा अमोनिया उडून जातो. वास नाकाला सोसवेल इतका उतरल्यावरच तो गव्हाणीत टाकावा.